टीबीच्या गोळ्यांनी सांधे धरले : औषधामुळे होणारा ल्युपस आणि माझं वर्ष

पऱ्हाटी | १२ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं गाव. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि मधात तुरीच्या ओळी. वय ३९. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते तो आजार. मागच्या वर्षी मला जे झालं त्याबद्दल मराठीत शोधलं तेव्हा काही हाती लागलं नाही, म्हणून सगळं लिहून काढते. लांब होईल.

एप्रिल २०२४ मध्ये मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, पण महिनाभरात लिंबाएवढी झाली. सुई घालून तपासली, टीबी निघाला. छातीचा नाही, गाठीचा. तो खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तरी घरात माझं ताट वेगळं झालं. मेच्या मध्यावर सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. वजन ४४ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या, सकाळी उपाशीपोटी. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने एका गोळीत तीन. लघवी नारिंगी होईल, भिऊ नको, हे आशाताईनं आधीच सांगून ठेवलं होतं. जुलैपर्यंत गाठ बोराएवढी राहिली. मी खुशीत होते. निंदणाला गेले, खत टाकलं.

पोळ्याच्या दिवशी, २ सप्टेंबरला, पायटी उठले तर मूठ वळेना. बोटं फुगलेली, मधले सांधे गरम. पुरण शिजलं पण लाटणं धरता येईना. आत्याबाईंनी एकट्यानं पोळ्या केल्या. दहा-अकरा वाजेपर्यंत हात थोडा सैल व्हायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मनगटं, मग टोंगळे, म्हणजे गुडघे.

तुम्हाला आठवत असेल, त्या पावसाळ्यात नागपुरापासून इकडे सगळीकडे चिकुनगुन्याची साथ होती. आमच्या गल्लीत चार घरं सोडून पाचव्या घरात कोणी ना कोणी भिंत धरून चालायचं. मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं आणि मीही तेच मानलं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दोन सलाईन झाल्या, दुखण्याची इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी दुसरं कोणतं औषध चालू आहे का ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाहेर बाकावर आमच्या गावची दोन माणसं बसली होती आणि दार उघडं होतं. टीबी हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. चूक माझीही आहे.

एक गोष्ट मी विसरू शकत नाही. टीबीच्या गोळीच्या पाकिटाची मागची चांदी अंगठ्यानं दाबून गोळी काढायची असते. तेवढा जोर अंगठ्यात उरला नव्हता. माझी पोरगी सातवीत, ती शाळेत जायच्या आधी तीन गोळ्या काढून वाटीत ठेवून जायची. वाटीवर बशी झाकायची, मुंग्या लागू नये म्हणून.

ऑक्टोबरात संध्याकाळी ताप यायला लागला. दीर्घ श्वास घेतला की डाव्या बरगडीखाली सुरी फिरल्यासारखं व्हायचं. फोटो काढला तर छातीत थोडं पाणी. आता मात्र घर हादरलं. सगळ्यांना वाटलं टीबी गळ्यातून छातीत उतरला. मामाजी म्हणाले, "पाच महिने झाले गोळ्या खाऊन, रोग वाढूनच रायला. फेकून दे त्या गोळ्या." मी फेकल्या नाहीत, पण दोन दिवस घेतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आशाताई आली. तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही, टीबीच्या साहेबांना फोन लावला आणि त्यांनी आधी यवतमाळ, तिथून नागपूर अशी चिठ्ठी दिली.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी पिशवीतली सगळी पाकिटं खाटेवर मांडायला लावली आणि कागदावर रेघ ओढून महिने लिहिले. कोणतं औषध कधी सुरू, कधी बंद, दुखणं कधी सुरू. मग म्हणाल्या, टीबीच्या औषधांत सांधे दुखवणारं नेहमीचं औषध म्हणजे पायराझिनामाइड, पण ते तर तुमचं जुलैतच संपलं. दुखणं सप्टेंबरात आलं. म्हणजे दुसरं काहीतरी आहे.

रक्त गेलं. चिकुनगुन्या नाही. शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलंय का ते दाखवणारी एएनए नावाची तपासणी जोरात पॉझिटिव्ह. नेहमीच्या ल्युपसमध्ये सापडते ती डीएस-डीएनए निगेटिव्ह. लघवीत प्रथिनं नाहीत, म्हणजे किडनी शाबूत. छातीतलं पाणी सुईनं काढून तपासलं, टीबीचं लक्षण नाही. शेवटी अँटी-हिस्टोन नावाची तपासणी बाहेर पाठवली, ती आठ दिवसांनी पॉझिटिव्ह आली. निदान : आयसोनियाझिडमुळे झालेला ल्युपस. म्हणजे ज्या गोळीनं गाठ विरघळली, तिच्यातल्याच एका औषधानं माझ्या शरीराला माझ्याच पेशी परक्या वाटायला लागल्या. हिस्टोन म्हणजे काय ते बाईंनी असं सांगितलं : चातीवर सूत गुंडाळतात तसा पेशीतला डीएनए ज्याच्यावर गुंडाळलेला असतो ते. शरीर त्या चातीवरच उठलं होतं.

उपचार म्हणजे ते एक औषध बंद. पण इथे अडचण. एका गोळीत तीन औषधं, त्यातलं एकच कसं काढणार? म्हणून ती एकत्र गोळीच बंद झाली. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल सुटं सुटं मिळालं आणि आयसोनियाझिडच्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन आलं. उपचाराची मुदत वाढवली. सोबत सूज उतरायची गोळी आणि सहा आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, हळूहळू कमी करत.

ताप नवव्या दिवशी गेला. छातीतलं टोचणं तीन आठवड्यांत. बोटं मात्र जानेवारीपर्यंत कुरकुरत होती. आणि थकवा! त्याबद्दल कोणी सांगत नाही. विहिरीवरून एक घागर आणली की अंगणातच बसून घ्यावं लागायचं. दिसायला मी बरी होते, स्टिरॉइडनं तोंड उलट गोल झालं होतं. बाया म्हणायच्या, "माय, तू तर चांगली भरली." मागच्या हंगामातला वेचा माझ्या हातून गेला. बोंडाची सुकलेली टोकं सुजलेल्या बोटाला लागली की डोळ्यात पाणी यायचं. मजूर लावावे लागले, किलोमागे दहा रुपये.

टीबीचा उपचार मार्च २०२५ मध्ये संपला. गाठ नाही. या जूनमध्ये एएनए पुन्हा केली, अजून पॉझिटिव्ह आहे, पण पहिल्यापेक्षा खाली. बाई म्हणाल्या, कागद सावकाश बरा होतो, तुम्ही बऱ्या आहात.

कोणाला असा अनुभव असेल तर लिहा. आणि विचारा, माहीत असेल ते सांगते.

निंबोणी | १२ ऑगस्ट, रात्री १०:२५

ताई, वाचून अंगावर काटा आला. वाटीवर झाकलेली बशी डोळ्यासमोरून जात नाहीये. एक शंका. ल्युपस तर जन्मभराचा आजार ना? माझ्या वहिनीला आहे, वीस वर्षं गोळ्या चालू आहेत. मग तुमचा बरा कसा झाला?

पऱ्हाटी | १३ ऑगस्ट, सकाळी ६:१०

निंबोणीताई, मलाही हीच भीती होती. मला सांगितलं ते असं की वहिनींचा ल्युपस आतून आलेला आहे, माझा बाहेरून आणलेला. औषध थांबलं की कारण संपलं. पण पुन्हा आयसोनियाझिड पोटात गेलं तर पुन्हा होऊ शकतो, म्हणून माझ्या कार्डावर लाल शाईनं लिहून दिलंय. ते कार्ड मी लॅमिनेट करून घेतलं, तीस रुपये लागले. आधार कार्डासोबत ठेवते.

पीएचसीवाला | १३ ऑगस्ट, दुपारी २:०५

मी बुलढाणा जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी आहे. पऱ्हाटीताईंनी फार नीट लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो.

औषधामुळे होणारा ल्युपस १९५० च्या दशकात रक्तदाबाच्या हायड्रालाझिन या औषधानं ठळकपणे नजरेत आला. हायड्रालाझिन आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं प्रोकेनामाइड ही त्यातली सगळ्यात बदनाम औषधं. आयसोनियाझिड, मुरुमांसाठी महिनोन्‌महिने दिलं जाणारं मिनोसायक्लिन, रक्तदाबाचं मिथिलडोपा ही त्यांच्यामागून येतात. औषध सुरू झाल्यापासून काही महिन्यांनी त्रास सुरू होतो, म्हणून कोणाला गोळीचा संशय येत नाही. पहिल्याच आठवड्यात अंगावर पुरळ आलं तर लगेच बोट गोळीकडे जातं, पाचव्या महिन्यात नाही. सांधे, ताप, फुफ्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणात पाणी ही नेहमीची लक्षणं. किडनी आणि मेंदू बहुधा सुटतात.

हे कोणाला होतं? आयसोनियाझिडचा निचरा यकृतातलं एक एन्झाइम करतं. काहींचं ते जन्मतःच मंद असतं. त्यांच्या शरीरात औषध जास्त वेळ राहतं. आपल्या देशात असे लोक भरपूर आहेत, पण त्यातल्या फारच थोड्यांना हा आजार होतो. आयसोनियाझिड घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं एएनए पॉझिटिव्ह येतं, प्रत्यक्ष आजार शंभरात एकालाही होत नाही. म्हणून नुसतं एएनए पॉझिटिव्ह पाहून गोळी थांबवायची नसते. माणूस आणि कागद दोन्ही सोबत पाहायचे असतात.

अजून एक. रिफाम्पिसिन चालू असताना स्टिरॉइड शरीरातून लवकर निघून जातं, कारण रिफाम्पिसिन यकृताला जोरात कामाला लावतं. त्यामुळे मात्रा त्या हिशोबानं ठरवावी लागते. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी पाहून प्रेडनिसोलोन घेऊ नका. टीबीत तर मुळीच नको.

सातपुडा_पायथा | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

ताई, तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. माझ्या मते आतून ताकद वाढवणं हाच उपाय. आमच्या मेळघाटात कडुनिंबावर चढलेली गुळवेल मिळते, बोटाएवढी कांडी ठेचून रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी प्यायचं. कोरोनात आम्ही सगळ्या घरानं घेतली, कोणाला काही झालं नाही. प्रतिकारशक्ती वाढली की असले आजार जवळ येत नाहीत.

पीएचसीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:१५

सातपुडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे थांबवतो. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती स्वतःच्याच घरावर चालून आलेली असते. तिला आणखी जोर द्यायचा नाही.

आणि गुळवेलीबद्दल माहिती असू द्या. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कावीळ, यकृताला सूज, आणि तपासण्यांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उठल्यासारखं चित्र. नंतर देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. आयुष मंत्रालयानं यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी. तो वाद आहे. पण वेल ओळखण्यात चूक होऊ शकते एवढं तर दोन्ही बाजू मानतात. ज्याला आधीच ऑटोइम्यून त्रास झालाय, ज्याच्या यकृतावर टीबीच्या चार औषधांचा भार आहे, त्यानं ती जोखीम घेऊ नये.

सातपुडा_पायथा | १४ ऑगस्ट, सकाळी ८:००

डॉक्टरसाहेब, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात, मी घेत राहीन. पण टीबीच्या पेशंटला सांगणार नाही. पऱ्हाटीताई, माझा सल्ला मागे घेतो.

गावची_आशा | १४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

मी गोंदिया जिल्ह्यात आशा आहे, अकरा वर्षं झाली. ताई, तुमच्याबद्दल मनात काही नाही, पण हा धागा वाचून मला रात्री झोप लागली नाही. माझ्याकडे सध्या पाच पेशंट गोळ्यांवर आहेत. त्यातला एक दारू पितो, एक कामासाठी हैदराबादकडे पळतो, एक म्हातारी म्हणते गोळ्यांनी पोट जळते. यांना एकेक दिवस समजावून गोळी गिळायला लावते. उद्या कोणी यांना मोबाइलवर हे दाखवलं की टीबीच्या गोळीनं सांधे धरतात, छातीत पाणी होतं, तर गोळ्या नाल्यात जातील. मधात सोडलेला टीबी किती वाईट असतो ते मी पाहिलंय. साध्या गोळ्यांनी बरा होणारा पोरगा औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत गेला. तो गेल्या उन्हाळ्यात वारला. बावीस वर्षांचा होता.

हे लिहायलाच पाहिजे होतं का?

पऱ्हाटी | १४ ऑगस्ट, रात्री १०:५०

आशाताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. त्या पोराबद्दल वाचून हात थांबला.

मी दोन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या हे लिहिलंय. का घेतल्या नव्हत्या? कारण असं काही होऊ शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं औषध हरलं. मामाजींना वाटलं औषधच विष आहे. दोघंही चूक. मला जर माहीत असतं की हजारांत कोणाला तरी हे होतं, ते ओळखता येतं, तेवढं एक औषध बदलून टीबीचा उपचार पुढे चालू ठेवता येतो, तर मी सप्टेंबरातच तुमच्यासारख्या ताईचं दार वाजवलं असतं. दोन महिने चिकुनगुन्या समजून काढले नसते.

माझा टीबी त्याच गोळ्यांनी बरा झाला. रिफाम्पिसिन मी एक दिवसही सोडलं नाही, ते दोन दिवस वगळता. तुमच्या म्हातारीला हा धागा वाचून दाखवायचा झाला तर हे वाक्य आधी दाखवा. तुम्ही सांगाल तर वर धाग्याच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत लिहिते : स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका.

गावची_आशा | १५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

लिहा ताई. झेंडावंदनाहून आले आणि पहिला हा धागा उघडला. तुमचं म्हणणं पटलं. आम्हाला प्रशिक्षणात कावीळ, उलटी, पायाला मुंग्या, नजर कमी होणं हे सगळं सांगतात. पाचव्या महिन्यात सांधे सुजले तर काय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता विचारत जाईन. टीबीच्या पेशंटला सरकार देतं ते पोषणाचे पैसे मिळाले का तुम्हाला?

पऱ्हाटी | १५ ऑगस्ट, दुपारी १:००

मिळाले ताई. आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. दोन महिन्यांचे एकदम आले. अंडी आणि शेंगदाणे त्यातूनच.

वैनगंगा | १६ ऑगस्ट, रात्री ८:४५

गडचिरोलीकडची गोष्ट सांगते, माझ्या सख्ख्या बहिणीची. पाच वर्षं झाली.

ती गरोदर होती. पाचव्या महिन्यात बीपी वाढलं. मिथिलडोपा सुरू झालं, गरोदरपणात ते चालतं, तिचं बीपीही चांगलं आवरलं. बाळंतपणानंतरही बीपी उतरेना म्हणून तीच गोळी पुढे चालू राहिली. बाळ चार महिन्यांचं असेल तेव्हा ती पिवळी पडायला लागली. डोळे पिवळे, हिमोग्लोबिन सहावर. आमच्याकडे पिवळे डोळे आणि रक्त कमी म्हटलं की प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव, सिकलसेल, तो रक्ताचा आनुवंशिक आजार. आमच्या भागात तो आहेच घरोघरी, म्हणून कोणाला चूक म्हणता येत नाही. पण तिची सिकलची तपासणी लग्नाआधीच झाली होती, निगेटिव्ह. पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. रक्ताची बाटली चढवायला गेले तर रक्त जुळेना. ब्लड बँकेतले एक दादा म्हणाले, डायरेक्ट कूम्ब्स करून घ्या. ती पॉझिटिव्ह. म्हणजे तिचं शरीर तिच्याच लाल पेशी फोडत होतं. मग औषधांची यादी पाहिली आणि मिथिलडोपा बंद करून दुसरी गोळी दिली.

बाटली लागलीच नाही. तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन आठच्या वर, दोन महिन्यांत दहा. कूम्ब्स मात्र वर्षभर पॉझिटिव्ह येत होती. पऱ्हाटीताईंनी लिहिलंय ना, कागद सावकाश बरा होतो, तेच. आम्ही दर वेळी तो कागद पाहून घाबरायचो.

तुमच्याकडे चिकुनगुन्या, आमच्याकडे सिकलसेल. गावात जो आजार जास्त, त्याच्या आड दुसरा लपतो.

पीएचसीवाला | १६ ऑगस्ट, रात्री ११:००

वैनगंगा, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या ओपीडीत लिहून लावणार आहे. मिथिलडोपा बरेच महिने घेणाऱ्यांत कूम्ब्स पॉझिटिव्ह होणं तसं नेहमीचं, रक्त फुटण्यापर्यंत फार थोडी प्रकरणं जातात. रक्त न जुळणं ही खूण तुमच्या ब्लड बँकेतल्या माणसानं बरोबर पकडली.

काउंटरच्या_पलीकडे | १७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

अकोल्यात माझं औषधाचं दुकान आहे. रोज पाहतो ते सांगतो. पेशंट येतो, म्हणतो ती पांढरी गोल गोळी द्या, मागच्या वेळी बरं वाटलं होतं. कोणती? माहीत नाही. पाकीट फेकलेलं असतं. काही दवाखान्यांतून तर कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, त्यावर नाव नसतं, तारीख नसते. पऱ्हाटीताईंच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्यांची रेघ ओढली ती पाकिटं होती म्हणून. रिकामं पाकीट फेकू नका. एका पिशवीत टाका, त्यावर सुरू केल्याची तारीख पेननं लिहा. पुडीत गोळी मिळाली तर नाव लिहून मागा, लाजू नका.

दुसरं, औषधाचा असा त्रास झाला तर त्याची नोंद सरकारकडे करता येते. पेशंट स्वतःही करू शकतो. फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्या नोंदी जमा होतात. नोंद केल्यानं कोणावर केस होत नाही, तुम्हाला पैसेही मिळत नाहीत. पण अशा नोंदी साठल्या की औषधाच्या माहितीपत्रकात इशारा जातो.

पऱ्हाटी | १७ ऑगस्ट, रात्री ९:००

भाऊ, माझी नोंद नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनीच केली होती, माझ्यासमोर फॉर्म भरला. तेव्हा कळलं नव्हतं कशासाठी, आज कळलं.

ओसरी | १८ ऑगस्ट, पहाटे ५:४५

मी वर्ध्याकडची. फक्त थकव्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्यावर कोणी बोललं नाही.

मला औषधानं झालेला हिपॅटायटिस होता, वेगळी गोष्ट. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही चार महिने मी उभ्यानं भाकरी थापू शकले नाही. घरचे म्हणाले, आता तर सगळं नॉर्मल आहे. नवरा चांगला आहे माझा, त्यानंही एकदा म्हटलं, "आता मनातून काढून टाक." मी ओट्याला पाठ टेकून रडले होते. मग मी एक केलं. रोज घरापासून मारुतीच्या पारापर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी पारापर्यंत पोचून अर्धा तास बसले. तिसऱ्या आठवड्यात न बसता परत आले. एका दिवशी जोर करून शाळेपर्यंत गेले, तर पुढचे दोन दिवस खाटेवर. तेव्हा समजलं की बरं वाटलं त्या दिवशीच जास्त करायचं नसतं.

पऱ्हाटीताई, तुम्ही किती दिवसांत वावरात गेलात?

पऱ्हाटी | १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

ओसरीताई, तुमचा पार आणि माझी विहीर सारखीच. मी फेब्रुवारीत वावरात गेले, तेही तुरीच्या शेंगा तोडायला, बसून. पऱ्हाटीला हात यंदाच्या पेरणीत लावला. ऊन सोसत नाही अजून. टोपी आणि लांब बाह्या घालते, डॉक्टरांनीही सांगितलंय. आमचे हे आता सकाळी मला उठवत नाहीत, चहा स्वतः ठेवतात. मागच्या वर्षी हे सांगायला नागपूरच्या बाईंना त्यांना समोर बसवावं लागलं : "यांचा आजार दिसत नाही, म्हणून नाही असं नाही." तेव्हापासून.

वाशिमचा_लेक | ९ ऑक्टोबर, रात्री ११:३०

धागा जुना झाला, पण माझ्या आईसाठी वर काढतो. आईला ऑगस्टमध्ये छातीचा टीबी निघाला, गोळ्या चालू, दुसरा महिना सुरू आहे. दहा दिवसांपासून टोंगळे आणि पायाचा अंगठा सुजलाय, रात्रभर कण्हते. हा धागा वाचला आणि खात्रीच झाली की हेच आहे. उद्यापासून गोळ्या थांबवाव्यात का? मी पुण्याला असतो, आई घरी एकटी.

पऱ्हाटी | १० ऑक्टोबर, सकाळी ५:५०

दादा, थांबवू नका. आत्ताच वाचलं. दुसरा महिना म्हणजे पायराझिनामाइड चालू असणार, त्यानंही सांधे दुखतात, ते वेगळं आहे. माझ्यासारखंच असेल असं धरून चालू नका. तुमच्या गावच्या आशाताईला आत्ता फोन करा. आईला सगळी पाकिटं घेऊन टीबीच्या दवाखान्यात पाठवा, सोबत कोणी तरी पाहिजे. ताप आहे का, दम लागतो का, डोळे पिवळे दिसतात का, हे आधी विचारा. डोळे पिवळे असतील तर आजच्या आज जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पीएचसीवाला | १० ऑक्टोबर, सकाळी ८:१०

ताईंशी सहमत. युरिक अ‍ॅसिड तपासून घ्यायला सांगा.

वाशिमचा_लेक | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

आशाताई आईला स्वतः ऑटोनं घेऊन गेल्या. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले पायराझिनामाइडमुळे, ल्युपस नाही. दुखण्याची गोळी दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, टीबीच्या सगळ्या गोळ्या तशाच चालू. दोन महिने भरले की ते औषध आपोआप बंद होणार आहे. ताई, त्या सकाळी तुम्ही उत्तर दिलं नसतं तर मी आईला फोन करून गोळ्या थांबवायला सांगणार होतो.

पऱ्हाटी | ६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मंडळी, आज आमच्या वावरात सीतादही झाली. पाच दगड मांडून पूजा केली, दही-भाताचा निवद दाखवला आणि पहिलं बोंड मी वेचलं. यंदा पावसानं खालची बोंडं काळी पडली, कापूस कमीच आहे. दुपारपर्यंत मी अकरा किलो वेचला. पूर्वी एवढ्या वेळात वीस व्हायचा. बोटं सुजली नाहीत. संध्याकाळी मुद्दाम मूठ वळून पाहिली, वळली.

वाशिमच्या दादा, आईचं कसं आहे? पाकिटातून गोळी त्या स्वतः काढतात का?

वाशिमचा_लेक | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

स्वतः काढते ताई. सूज गेली. आत्ताच फोनवर विचारलं, तर म्हणाली, "कावून विचारतं रे, माह्या हाताले काय झालं?"